तापलेला अरबी समुद्र, मराठवाड्याचा पाऊस आणि मच्छीमारांचा सहकार

२०१९ सालच्या मे महिन्यात पैठणचं जायकवाडी धरण मृतसाठ्यात गेलं होतं. ऑगस्टमध्ये औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, कृत्रिम पावसासाठी विमान उडत होतं. ढग दिसले की त्यांत क्षारांची फवारणी करायची आणि पावसाची वाट पाहायची. त्याच सुमारास नाशिक-नगरकडच्या घाटमाथ्यावरच्या पावसानं धरण भरत आलं, पण मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्यांच्या आभाळात नुसतेच ढग होते. मग ऑक्टोबर संपता संपता, पाऊस परतून गेला असं सगळे समजत असताना, तो पुन्हा आला आणि राहिला. सोंगून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, वेचणीला आलेल्या कापसाच्या वाती झाल्या, सिल्लोड-कन्नडकडे मक्याच्या कणसांना शेतातच कोंब फुटले.

एकाच वर्षात तहान आणि अतिवृष्टी. असं का होतं, हा प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक पारावर विचारला जातो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग संभाजीनगरच्या पश्चिमेला तीनशे किलोमीटरवर आहे. त्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं फिरत होती, ‘क्यार’ आणि ‘महा’. ‘क्यार’ तर महाचक्रीवादळाच्या तीव्रतेला पोचलं. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात इतकं जोरकस वादळ झालं नव्हतं. या वादळांनी ओढून आणलेली वाफ मराठवाड्याच्या शेतांवर रिकामी झाली. त्याच दिवसांत कोकणातल्या होड्या ऐन हंगामात किनाऱ्याला बांधून पडल्या होत्या. कन्नडचा मका आणि पालघर-रत्नागिरीची मासळी एकाच कारणानं बुडाली होती.

समुद्रात काय बदललं आणि ज्यांचं पोट पाण्यावर आहे ते एकत्र येऊन त्याला कसं तोंड देऊ शकतात, हे दोन्ही एका सूत्रात पाहण्यासारखं आहे.

पाऊस लांबतो आणि मग कोसळतो, तो कसा?

माणसानं हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकून राहते, तिच्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र शोषून घेतो. हवा जेवढी तापायला हवी होती तेवढी तापलेली दिसत नाही, ती समुद्रामुळे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा उष्णकटिबंधीय भाग साधारण शंभर वर्षांत पावसाळी महिन्यांत १.२ अंश सेल्सिअसपर्यंत तापला आहे. सव्वा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण हजारो किलोमीटर पसरलेल्या पाण्याचं तापमान एवढं वाढवायला लागणारी उष्णता अफाट असते, आणि ती तिथेच स्वस्थ बसून राहत नाही.

मान्सूनचे वारे वाहतात ते जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकामुळे. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, समुद्र मागे राहतो. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा धावत येते. आता समुद्रच तापू लागला तर हा फरक कमी होतो आणि ओढही मंदावते. पावसातला खंड लांबण्यामागचं हे एक महत्त्वाचं कारण.

दुसरीकडे, हवेचं तापमान एका अंशानं वाढलं की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते. तापलेला समुद्र ती वाफ पुरवायला तयारच असतो. मग वाऱ्याला मध्येच जोर चढला किंवा बंगालच्या उपसागरातून सरकत आलेलं कमी दाबाचं क्षेत्र विदर्भ-मराठवाड्याच्या आसपास पोचलं, की साठलेली वाफ एकदम ओढली जाते आणि महिन्याचा पाऊस दोन रात्रींत पडतो. कोल यांच्याच गटानं २०१७ साली मांडलं की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. अशा घटनांना लागणाऱ्या वाफेत अरबी समुद्राचा वाटा मोठा असतो.

पावसाची वार्षिक सरासरी या बाबतीत फसवी आहे, असं मला ठामपणे वाटतं. मराठवाड्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर. वर्षअखेर ती गाठली की कागदावर सगळं ठीक दिसतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी पावसाळा संपताना कोरडं पडलेलं मांजरा धरण भरून वाहिलं. पिकाला, विहिरीला आणि माशाला सरासरी भेटत नाही. त्यांना तो तो आठवडा भेटतो.

चक्रीवादळांचंही असंच. त्यांना जोर धरायला समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर लागतं. पूर्वी वादळं म्हटली की बंगालचा उपसागर डोळ्यासमोर यायचा. पुण्याच्या याच हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. त्यानंतर जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकणाला घासून गुजरातेत गेलं.

| चौकट : हिंदी महासागराचा ‘द्विध्रुव’ |
|---|
| कधी कधी हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू नेहमीपेक्षा गरम आणि इंडोनेशियाकडची बाजू नेहमीपेक्षा गार होते. याला द्विध्रुवाची धन अवस्था म्हणतात. अशा वेळी ढग आणि वाफ पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या बाजूला, जास्त जमतात. उलट स्थिती असेल ती ऋण अवस्था. २०१९ सालची धन अवस्था आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत तीव्र अवस्थांपैकी एक होती. हा चढउतार नैसर्गिक आहे, पूर्वीही होत होता. फरक इतकाच की आता तो आधीच तापलेल्या समुद्रावर होतो. |

मासा उपाशी कसा राहतो?

पावसाची गोष्ट शेतकऱ्याला जवळची. माशाची गोष्ट आपण फारशी ऐकत नाही. आंघोळीच्या बादलीत गार पाणी असताना वरून कढत पाणी अलगद सोडलं आणि ढवळलं नाही, तर वर हात भाजतो आणि तळाशी गारवा तसाच राहतो. गरम पाणी हलकं, गार पाणी जड. समुद्रात हेच होतं आणि ढवळण्याचं काम वारा करतो.

हे ढवळणं माशांच्या जगण्याचा पाया आहे. समुद्रात मरणारं सगळं हळूहळू खाली जातं, तिथे कुजतं, आणि नायट्रोजन, फॉस्फरससारखं खत खोल पाण्यात साठतं. सूर्यप्रकाश मात्र फक्त वरच्या थरात. प्रकाश वर, खत खाली. पावसाळी वाऱ्यांनी किनाऱ्यालगतचं पाणी ढकललं की खालचं खतयुक्त पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांना सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना तारली-बांगडा, आणि त्यांना सुरमई. पृष्ठभाग जितका तापेल तितका वरचा थर हलका होतो आणि खालचं पाणी वर आणायला वारा अपुरा पडतो. पश्चिम हिंदी महासागरातल्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घट झाल्याचं २०१६ सालच्या अभ्यासात दिसलं.

प्राणवायूचाही प्रश्न आहे. गरम पाण्यात तो कमी विरघळतो आणि थर मिसळले नाहीत तर खालपर्यंत पोचतही नाही. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत जगातला एक सर्वांत मोठा अल्प-प्राणवायूचा पट्टा आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे हे गुदमरलेलं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागापर्यंत येतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं त्याचा अनेक वर्षं मागोवा घेतला आहे.

कोकणात रात्रीच्या लाटा निळ्या चमकताना अनेकांनी पाहिल्या असतील, त्याचे व्हिडिओ तर सर्वत्र फिरतात. ती चमक नॉक्टिलुका नावाच्या एका सूक्ष्मजीवाची असते. हिवाळ्यात अरबी समुद्रात त्याचे प्रचंड थवे होऊ लागले आहेत. मूळचे गोव्याचे शास्त्रज्ञ जोकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी दाखवलं आहे की हा जीव कमी प्राणवायूतही तग धरतो आणि माशांना उपयोगी अशा सूक्ष्म वनस्पतींची जागा बळकावतो. त्याला खाणारे प्राणी म्हणजे प्रामुख्यानं जेलीफिश आणि त्यांच्यासारखे; त्यांना बाजारात कोणी विचारत नाही. दृश्य फार सुंदर असतं, पण मच्छीमाराच्या दृष्टीनं ती चांगली खूण नव्हे.

मासे याला आपापल्या परीनं उत्तर देतात. त्यांचं शरीर भोवतालच्या पाण्याइतकंच गरम-गार असतं, म्हणून सोसत नसेल तर ते जागा बदलतात. तारली एकेकाळी मुख्यतः केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याची मासळी. ती उत्तरेकडे सरकून महाराष्ट्रातही मिळू लागली. बांगडा खोल, गार पाण्यात उतरू लागल्याचं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींत दिसतं. आजोबांनी दाखवलेल्या जागी नातवाला मासा मिळेलच असं आता राहिलेलं नाही.

एकट्यानं सोडलेला मासा

इथपर्यंतचा दोष हवामानाचा. पण ज्या समुद्रात अन्नच कमी झालं आहे तिथे आपण जाळी मात्र वाढवत नेली, आणि तीही बारीक आसाची, म्हणजे लहान छिद्रांची. सर्वांत जास्त फटका बसला पापलेटला. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं चंदेरी पापलेटला राज्य मासा घोषित केलं ते याच काळजीतून. हाताच्या पंजाहून लहान पापलेट बाजारात येतं तेव्हा त्यानं एकदाही अंडी घातलेली नसतात. त्याला वर्षभर सोडलं तर वजन वाढेल, भाव कितीतरी पटींनी मिळेल आणि पिल्लंही होतील.

मग मच्छीमार ते सोडत का नाही? त्याला हे कळत नाही असं समजणं हा त्याचा अपमान आहे. त्याला पुरतं कळतं. पण त्यानं सोडलेलं पिल्लू तासाभरात शेजारच्या होडीच्या जाळ्यात जाणार, हेही त्याला कळतं. एकट्यानं संयम पाळला तर तोटा फक्त त्याचा.

अमेरिकन शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली या पेचावर प्रसिद्ध निबंध लिहिला. सगळ्यांचं म्हणून जे असतं ते सगळे मिळून संपवतात. वाचवायचं तर सरकारनं ताबा घ्यावा किंवा खाजगी मालकी करावी, असा त्यांचा निष्कर्ष. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची गावं पाहून तिसरी वाट दाखवली, आणि त्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लोक एकत्र येऊन स्वतःवर नियम घालून घेतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. मात्र हद्द ठरलेली हवी, नियम पाळणाऱ्यांनीच केलेले हवेत, लक्ष ठेवणारा आपल्यातला हवा आणि चुकणाऱ्याला शिक्षा हळूहळू वाढत जाणारी हवी. आपल्याला हे नवं वाटायला नको. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरची फड पद्धत शेकडो वर्षं याच तत्त्वावर चालली. फडात सगळ्यांचं पीक एक, पाणी देणारा पाटकरी गावानं नेमलेला, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारं क्षेत्र सगळ्यांचंच कमी.

समुद्रावर हे काम करू शकणारी यंत्रणा म्हणजे मच्छीमारांची सहकारी संस्था. देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था १९१३ साली रत्नागिरीजवळच्या कर्ला गावात निघाली. म्हणजे सहकारी साखर कारखान्यांच्या कितीतरी आधी. आज किनाऱ्यावरच्या बहुतेक मोठ्या कोळीवाड्यांत अशी संस्था आहे. ती बर्फ देते, डिझेल देते, डिझेलवरच्या कराचा सरकारी परतावा सभासदांपर्यंत पोचवते, कर्ज देते, मासळी विकते. पालघरच्या सातपाटीत पापलेट संस्थेकडे येतं, वजनानुसार त्याची प्रतवारी होते आणि प्रत्येक प्रतीला वेगळा दर मिळतो.

संस्थेची ताकद मला या प्रतवारीत दिसते. समुद्रात कोणी काय पकडलं यावर पहारा ठेवणं जवळपास अशक्य. सरकारी गस्तीनौका किती पुरणार? पण मासळी ज्या काट्यावर येते तो काटा संस्थेचा असेल, आणि ठरावीक आकाराखालचा मासा आम्ही घेणारच नाही असं संस्थेनं ठरवलं, तर बारीक आसाचं जाळं तोट्याचं ठरतं. २०२३ साली राज्य सरकारनं माशांचे किमान आकार ठरवून दिले. तो नियम पाळला जायचा असेल तर तो काट्यावरच पाळला जाईल.

वादळाच्या वर्षी संस्थेचा आणखी उपयोग होतो. होडी कोणाची, किती दिवस बांधून होती, याची नोंद संस्थेच्या दप्तरात असते. एकट्या माणसाला नुकसानीचा पुरावा गोळा करताना नाकी नऊ येतात.

मेक्सिकोतलं एक बेट

सहकारानं समुद्र गार होत नाही, हे खरं. पण तापलेल्या समुद्रात तग धरता येतो का? मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्याजवळ नातिविदाद नावाचं छोटं बेट आहे. तिथली मच्छीमार सहकारी संस्था अबलोन नावाचे किमती शंखजीव आणि कोळंबीच्या कुळातले शेवंड पकडते. बेटाभोवतीच्या ठरलेल्या पाण्यात ही मासळी पकडण्याचा हक्क सरकारनं फक्त या संस्थेला दिलेला आहे. २००६ साली सभासदांनी आपणहून त्यातले काही भाग मासेमारीला बंद केले. पुढे २००९ आणि २०१० मध्ये कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्यावर आलं आणि अबलोन मोठ्या संख्येनं मेले. संशोधकांनी मोजलं तेव्हा बंद ठेवलेल्या भागांत मोठे, भरपूर अंडी घालणारे अबलोन अधिक टिकून होते. नवी पिढी तिथे तयार होत राहिली आणि आजूबाजूच्या खुल्या भागांनाही त्याचा लाभ मिळाला.

जपानमध्ये १९४८-४९ च्या कायद्यांनी किनाऱ्यालगतच्या पाण्याचे हक्क मच्छीमार सहकारी संघांना दिले. सुरुगा उपसागरात साकुराएबी नावाची लहान गुलाबी कोळंबी पकडणाऱ्या होड्या तर सगळी विक्री एकत्र करून उत्पन्न वाटून घेतात. शेजाऱ्याच्या आधी पोचण्याची घाईच उरत नाही, कारण त्याच्या जाळ्यातही आपला वाटा असतो.

या दोन्ही ठिकाणी संस्थेला पाण्यावर हक्क आहे. आपल्या किनाऱ्यावर नेमकं हेच नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याकडे आहे. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी बंदी आहे, पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून निर्बंध आहेत, एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी आहे. पण सातपाटीच्या संस्थेनं आपल्या सभासदांची जाळी मोठ्या आसाची केली तरी समोरच्या पाण्यात दुसऱ्या बंदरातली, दुसऱ्या राज्यातली ट्रॉलर आली तर तिला थांबवण्याचा अधिकार संस्थेला नाही. बर्फ आणि डिझेल वाटण्यापुरतं तिला बळ दिलं, पाण्याबद्दल बोलण्याचं दिलं नाही. किनाऱ्यावरच्या सहकाराची सर्वांत मोठी उणीव हीच आहे, असं माझं मत आहे.

नाथसागरात मात्र उलटं

संभाजीनगरच्या वाचकाला समुद्र पाहायला दूर जावं लागतं, पण जायकवाडीचा नाथसागर तासाभरावर आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेला आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलेला हा जलाशय सुमारे १०२ टीएमसी पाणी धरतो. त्यातलं जवळपास २६ टीएमसी मृतसाठा. मोठा, पसरट आणि उथळ. म्हणून उन्हाळ्यात बाष्पीभवनही भरपूर.

धरणांतल्या मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना ठरावीक वर्षांसाठी देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. म्हणजे सातपाटीकडे जे नाही ते तलावावरच्या भोई बांधवांच्या संस्थेला मिळू शकतं: हद्द ठरलेलं पाणी. त्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ हे मासे वाढतात, पण साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत; त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडावी लागतात. बोटुकली सोडणारी संस्था आणि बारीक जाळं टाकणारा माणूस यांचं भांडण इथेही आहे.

हवामानाचा तडाखाही तोच. २०१९ सारख्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात जातं. उथळ, तापलेल्या पाण्यात प्राणवायू घटतो, आणि आटलेल्या डबक्यांत मासा सहज सापडत असल्यानं बीजासाठी राखायचा तोही उचलला जातो. उलट सप्टेंबर २०२५ च्या पुरात दरवाजे उघडून इतकं पाणी सोडावं लागलं की पैठणच्या सखल भागातल्या लोकांना हलवण्याची वेळ आली. अशा विसर्गाबरोबर सोडलेली बोटुकलीही गोदावरीत वाहून जाऊ शकते.

इथे ठेक्याची मुदत कळीची ठरते. ठेका पाच वर्षांचा आणि त्यातली दोन वर्षं कोरडी गेली, तर उरलेल्या तीन वर्षांत मिळेल ते ओरबाडून घ्यायचा मोह संस्थेलाही होणार. मुदत मोठी असेल, दुष्काळी वर्षाचं ठेक्याचं भाडं माफ होऊन तेवढं वर्ष पुढे मिळणार असेल, आणि नोंदलेल्या सभासदांतले प्रत्यक्ष जाळं टाकणारे किती याची तपासणी होत असेल, तर आटत्या पाण्यातला एखादा डोह बीजासाठी राखून ठेवणं संस्थेला परवडतं. कागदावरच्या सभासदांच्या आडून व्यापाऱ्यानं चालवलेल्या संस्थेकडून ही अपेक्षा करता येणार नाही; तिला पुढच्या हंगामाशी देणंघेणं नसतं.

सहकार कायद्यानुसार प्रत्येक संस्थेनं ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. धरणात किती पाणी आलं ते तोवर बव्हंशी कळलेलं असतं आणि किनाऱ्यावर हंगामाचे पहिले दोन महिने पार पडलेले असतात. जाळ्याचा आस किती, कोणत्या आकाराखालचा मासा काट्यावर घ्यायचा नाही, किती बोटुकली सोडली आणि त्यातली किती हाती लागली, हे विषय त्या सभेच्या पत्रिकेवर नफा-तोट्याच्या शेजारी घेण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.